सायंकाळी सातची ट्यूब

मागच्या महिन्यात एका सकाळी लॅबमध्ये माझ्या टेबलावर माझ्याच भावाच्या रक्ताची ट्यूब आली. नाव, वय, तपासणी... टेस्टोस्टेरॉन. वेळ, आदल्या दिवशी सायंकाळी सात.

मी उदगीरला एका छोट्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. घरातली पहिली ग्रॅज्युएट, त्यामुळे तापापासून टीव्हीच्या रिमोटपर्यंत सगळं मलाच विचारतात. नेमकं हेच धाकट्या राहुलने विचारलं नव्हतं. माझी ड्युटी संपल्यावर तो गुपचूप येऊन गेला होता...

राहुल पोलीस भरतीची तयारी करतोय. उदगीर जिल्हा होणार, नवीन पदं निघणार, ही चर्चा आमच्याकडे कायम असते आणि त्या भरवशावर पोरं जिममध्ये घाम गाळतात. रोज जड स्क्वॉट, डेडलिफ्ट. दिवाळीनंतर त्याचे खांदे इतके भरले की मला कसल्यातरी इंजेक्शनची शंका यायला लागली. एकदा त्याची बॅगही तपासली... टॉवेल आणि भिजवलेले हरभरे निघाले.

रिपोर्ट आला. लेव्हल कमी. राहुलला खोदून विचारल्यावर कळलं, जिमचे सर त्याला म्हणाले होते, "वजन उचलून हार्मोन वाढतंय, पण तुझी टाकीच रिकामी हाय. इंजेक्शनचा कोर्स घे, भरतीपर्यंत घोडा होशील." पुढच्या सोमवारपासून सुरू करायचं ठरलंही होतं.

मी सरळ जिमवर गेले. भिंतीवर एका मुलाचे दोन रिपोर्ट फ्रेम करून लावलेले, 'कोर्सच्या आधी' आणि 'कोर्सच्या नंतर'. सवयीने माझी नजर आकड्याआधी वेळेवर गेली. पहिलं सॅम्पल संध्याकाळचं, दुसरं सकाळी आठचं.

"सर, दुसरं सॅम्पल व्यायाम झाल्या झाल्या दिलं होतं का?"

"हाव. इथूनच गेला की गाडीवर. का?"

का म्हणजे... पुरुषांत हे हार्मोन सकाळी जास्त असतं आणि संध्याकाळपर्यंत उतरतं. जड वजन उचलल्यावर थोडा वेळ आणखी चढतं, मग तासाभरात जागेवर येतं. ताकद वाढते ती महिनोन्‌महिन्यांच्या सरावाने, त्यासाठी ही लेव्हल कायमची चढावी लागत नाही. म्हणून तो फरक इंजेक्शनचाच, हे त्या दोन कागदांवरून सिद्ध होत नव्हतं. मी तसं बोलूनही दाखवलं.

"ताई, लई शिकल्या म्हणून कशावरही शंका घेऊन राहिल्या तुम्ही," सर हसले. पोरंही हसली. राहुल भिंतीकडे तोंड करून डंबेल उचलत राहिला.

घरी येऊन तो भडकला. "माझी इज्जत घालवली तू. लॅब लॅबमध्ये ठेव ना!"

मी समजावलं की बाहेरून हार्मोन भरलं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं, कधी कधी थांबवतंच. आमच्या लॅबच्या डॉक्टर मॅडमनीही सांगितलं होतं, संध्याकाळच्या एका रिपोर्टवर काही ठरवू नका, सकाळी परत तपासा. शेवटी तो कसाबसा तयार झाला. शनिवारी एक टेस्ट. कमी आली, तर सोमवारी इंजेक्शन... आणि मी मध्ये पडायचं नाही.

मी लगेच फॉर्म भरायला घेतला. औषधं? काही नाही. झोप किती?

"तीन-साडेतीन तास."

"मोबाईल बघत बसतोस?"

"टँकर पहाटे दोनला येतोय ताई. नंबर लावावा लागतंय."

"बाबा जातात ना?"

"दिवाळीपासून न्हाई जात. कंबर धरली त्यांची. तुझी परीक्षा होती, म्हणून बोललो न्हाई. मग राहून गेलं."

माझा पेन तिथेच थांबला. यंदाच्या दुष्काळात रोज सकाळी भरलेलं पिंप मी पाहत होते. बाबा आणि राहुल बाहेर ओट्यावर झोपतात, आई आणि मी आत... पाणी बाबा आणतात असं मी धरूनच चालले होते. आई म्हणाली, मला माहीत होतं, तुला सांगू नको म्हणाला. त्याचे खांदे बघून मला इंजेक्शन आठवलं, पाण्याचे कॅन नाही आठवले.

पुढचे पाच दिवस नंबर आईने आणि मी लावला. राहुल झोपला, अगदी घोरत. शनिवारी जिमला सुट्टी देऊन सकाळी आठला मीच सॅम्पल घेतलं. एवढा दणकट माणूस सुईला घाबरतो... डोळे घट्ट मिटून म्हणाला, "काय येईल ते खरंच सांगशील ना?"

रविवारी रिपोर्ट आला. नॉर्मल. झोपेमुळे की वेळेमुळे, ते एका रिपोर्टवरून मला सांगता येणार नाही आणि मी सांगणारही नाही. पण इंजेक्शन रद्द झालं. जिम चालू आहे. बॅग मी अजूनही अधूनमधून बघते, खोटं कशाला बोलू...

हे त्याला विचारूनच लिहितेय. अट एकच, आकडा टाकायचा नाही.

दिवसभर मी अनोळखी लोकांना विचारते, झोप लागते का, जेवण जातं का... घरच्या माणसाला विचारायला मात्र हातात फॉर्म यावा लागला. थँक्यू राहुल. आता एक दिवसाआड टँकरचा नंबर माझा.