पांढऱ्या दिव्यांवरचे लाल डाग

साच्यातून काढलेल्या दहा दिव्यांपैकी चारांवर लाल डाग होते. दिवे पांढरेशुभ्र, आणि त्यांवर कुणीतरी पिंक टाकल्यासारखे शिंतोडे.

"काका, हे काय झालं?" ऋता म्हणाली. साठ दिवे दिवाळीआधी एका हॉटेलला द्यायचे होते.

ऋता माझ्या मित्राची मुलगी. डिझाइन शिकली आणि भोसरी एमआयडीसीत शेड घेऊन काँक्रीटचे दिवे, स्टुलं आणि चक्क कानातली करायला लागली. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी म्हणालो होतो, "अगं, काँक्रीटचा स्लॅब टाकतात. कानात घालून बायकांचे कान लोंबतील." तिने एक कानातलं माझ्या तळहातावर ठेवलं. शर्टाच्या बटणापेक्षा फार जड नव्हतं. यात खडी नसते. पांढरं सिमेंट, बारीक वाळू आणि काचेचे धागे कालवून सिलिकॉनच्या, म्हणजे रबरासारख्या, साच्यात ओततात. ओतण्याआधी साच्याला तेलाचं फडकं फिरवायचं, नाहीतर माल चिकटतो.

मी चाकणच्या एका कंपनीच्या क्वालिटी खात्यातून, म्हणजे मालाच्या तपासणीतून, रिटायर झालो आणि तिच्याकडे जायला लागलो. क्वालिटीवाला जन्माने नसला तरी पगाराने संशयी होतो. व्हेंडर म्हणाला "माल ओके आहे", की आमचा हात आधी मापाच्या गेजकडे जातो. तीस वर्षांत माझा संशय बहुतेक वेळा खरा निघाला होता. त्यामुळे माझा माझ्या नाकावर फार भरवसा.

पहिला संशय सिमेंटवर. नवीन गोणी फोडली, स्वच्छ निघाली. दुसरा बोअरच्या पाण्यावर, त्यात लोह असेल म्हणून. बाटलीत भरून दोन दिवस ठेवलं, तळाला काही नाही. तिसरा गंजावर, तर साच्याच्या आसपास लोखंडच नव्हतं. दरम्यान आणखी तीन दिवे डागाळले.

मग दत्तू उरला. मराठवाड्यातला, अबोल, कामाला चोख. साच्यांना तेल लावायचं काम त्याचं. आणि पानाचा शौकीन, दात कायमचे लाल. मी दोन दिवस त्याच्यावर नजर ठेवली. तो वाकला की मी त्याच्या तोंडाकडे बघायचो. त्याच्या ते लक्षात आलं आणि तो माझ्याकडे पाठ करून काम करायला लागला. पाठ करतो म्हणजे नक्कीच काहीतरी लपवतोय, असं मी धरून चाललो.

जेवणाच्या सुट्टीत, सगळे डबे उघडून बसले असताना, मी म्हणालो, "दत्तू, खिसे दाखव."

"मी खाल्लं नाही, सर."

"खिसे दाखव."

चुन्याची डबी निघाली. मी ती सगळ्यांना दिसेल अशी धरली. दत्तू डबा तसाच झाकून उठला.

"काका, नक्की ना?" ऋताने केबिनमध्ये विचारलं.

"शंभर टक्के," मी म्हणालो. रिपोर्टही लिहिला. आमच्यात 'व्हाय-व्हाय' करतात, म्हणजे मूळ कारण सापडेपर्यंत पाच वेळा 'का' विचारत जायचं. माझे पाचही 'का' दत्तूच्या तोंडाशी जाऊन थांबले. त्याला त्याच दिवशी कामावरून काढलं.

त्याच्या जागी दुसरा माणूस घेतला आणि डाग थांबले. याहून मोठा पुरावा काय हवा? हॉटेलचे दिवे वेळेत गेले. मी आठवडाभर कॉलर ताठ करून फिरलो.

दिवाळीची साफसफाई निघाली तेव्हा सुमनताईंनी मला मोरीपाशी बोलावलं. त्या दिघीच्या जुन्या गावातल्या. मालाला पॉलिश करायचं काम त्यांच्याकडे.

"सायेब, ह्ये दत्तूचं त्येलाचं फडकं. कपाटामागं पडलं व्हतं." फडक्याला पिवळट डाग होते. त्यांनी त्यावर कपड्याचा साबण घासला. पिवळ्याचं लालभडक झालं.

"आमटी सांडलेल्या सदऱ्याला साबण लावला की असंच व्हतं. ही हळद हाय. पान न्हाई."

मी पांढरं सिमेंट पाण्यात कालवलं आणि फडक्याचा कोरडा कोपरा त्यात बुडवला. तोही लाल. हळदीला चुना लागला की कुंकू होतं, हे आपल्याकडे पोरासोरांना ठाऊक. ओलं सिमेंट चुन्याच्याच जातीचं.

हळद आली कुठून, हे मला कुणी सांगावं लागलं नाही. खंडेनवमीला वयाने मोठा म्हणून पूजा मी केली होती. कंपनीत प्रेसला लावायचो, तशीच साच्यांच्या काठांना हळदीची बोटं ओढली होती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी "साचे लखलखीत पुसून घे" असं दत्तूला मीच सांगितलं होतं. त्याने हाताशी असलेल्या तेलाच्या फडक्याने पुसले, आणि तेच फडकं पुढे रोज साच्यांच्या आत फिरत राहिलं. नवा माणूस आला तो नवं फडकं घेऊन, म्हणून डाग थांबले.

मी तसाच केबिनमध्ये जाऊन ऋताला सगळं सांगितलं. तीस वर्षांत कितीतरी माल मी रिजेक्ट केला होता, पण माणूस पहिल्यांदाच, आणि तोही चांगला.

दत्तू चाकणला एका वर्कशॉपमध्ये पॅकिंगला लागला होता. गेटबाहेर चहाच्या टपरीवर भेटला. मी सगळं सांगितलं.

"घटस्थापनेपासून दिवाळीपर्यंत मी पानाला शिवत नाही, सर. तुळजापूरच्या देवीला शब्द आहे. डबी तेवढी खिशात राहिली होती."

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"बोललो की. खाल्लं नाही म्हणालो."

मी म्हणालो, "परत ये. ऋताही वाट बघतेय."

"इथं बरं आहे. ओव्हरटाइम मिळतो." मग म्हणाला, "खिसे सगळ्यांसमोर बघितले होते. हे पण सगळ्यांसमोर सांगा."

दोन दिवसांनी दुपारी तो शेडवर आला. जेवणाच्या वेळी, सगळे डबे उघडून बसले असताना, मी उभा राहिलो आणि चूक माझी, हळद माझी, दत्तूने काही केलं नव्हतं, असं सांगितलं. तो दारात उभा राहून शेवटपर्यंत ऐकत होता. सुमनताईंनी जेवायचा आग्रह केला, पण सेकंड शिफ्ट आहे म्हणून तो थांबला नाही.

खंडेनवमीला मी आता साच्यांना नुसतं फूल वाहतो. आणि मालात खोट निघाली की ऋता विचारते, "काका, सुरुवात कुठून करायची?" मी आधी माझे खिसे उलटे करतो.