न कापलेली पानं

ग्रंथालयात वाचायला मी एकटीच होते. समोर इंग्रजी अमदानीतल्या एका लेखिकेची कादंबरी, तिची उरलेली एकुलती एक प्रत. जुन्या पुस्तकांची पानं वाचणाऱ्यालाच कापावी लागत; हिची निम्म्यापुढची पानं कडेला जोडलेलीच होती. छापल्यापासून कुणी ती कापलीच नव्हती.

"फूटपट्टी घ्या, मॅडम. हळूच कापा," ग्रंथपाल म्हणाले.

आम्ही अभ्यासक एकमेकांचे लेख वाचून या लेखिकेवर लिहीत आलो. नायिका शेवटी नवऱ्याला शरण जाते, असं मी वीस वर्षं वर्गात ठासून सांगितलं. आणि ही बाई इथे मिटल्या पानांत एकटीच बोलत बसलेली.

मी शेवटचं पान कापलं. नायिका शरण गेलीच नव्हती. मैत्रिणीला पत्र टाकून ती उत्तराची वाट बघत ओट्यावर बसली होती.