जाळ्यातला चक्रवाक

शेवाळाचा ओला वास आला की अमडापूरकडच्या तलावावरची ती हिवाळी सकाळ आठवते. चक्रवाकाचा फोटो काढायला मी लांबून आले होते आणि तो काठाजवळच मासे धरायच्या जाळ्यात अडकून फडफडत होता. जाळं कापायला मी चाकू काढला, तशी जाळेवाली बाई धावत आली. “कापू नका ताई, याच्यावरच घर चालते माह्यं!” चाकू ठेवला, कॅमेराही ठेवला आणि तिच्यासोबत गार पाण्यात उतरले. तिनं पक्षी धरला, मी एकेक फास सोडवत गेले. बोटं बधिर झाली, तरी हात थांबवला नाही. शेवटचा फास सुटताच तो केशरी पक्षी तिच्या हातातून उडाला. “फोटो राह्यला ना तुमचा!” ती हळहळली. तो फोटो अजूनही मिळालेला नाही. यंदाही मी जाणार आहे.