दोन माईक आणि आबांचा आवाज

"आधी सगळं काढा, मंग बोलू."

माझ्या दुकानात आल्या आल्या ताई हेच म्हणायच्या. चप्पल काढायच्या आधीच त्यांचा हात कॉम्प्युटरच्या मागच्या वायरींवर गेलेला असायचा.

राजूरला देवळाच्या वाटेवर माझा फोटो स्टुडिओ होता. मागच्या खोलीत मी भजनं रेकॉर्ड करून सीडी बनवायचो. ताई गावातल्या कॉम्प्युटर क्लासात शिकवायच्या आणि कोणाचाही कॉम्प्युटर बिघडला की दुरुस्त करून द्यायच्या; नवरा ग्रामसेवक. तुम्ही त्यांना रस्त्यात पाहिलं असतं, तर भाजीला निघालेली बाई समजला असतात. पिशवीत भाजी असायचीही, पण मेथीच्या जुडीखाली स्क्रू ड्रायव्हर.

एका आडत दुकानातला कॉम्प्युटर रोज दुपारी बंद पडायचा. शेठजींच्या मते व्हायरस. ताईंनी झाकण उघडलं, आतल्या पंख्यात अडकलेल्या भुशातून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "शेठजी, व्हायरस न्हाई. तूर हाय."

पण मला आठवतो तो शनिवार. केदारखेड्याचे आबा भजन म्हणायचे. पंचक्रोशीत तसा गळा नव्हता. त्याच गळ्यात गाठ निघाली. सोमवारी औरंगाबादला ऑपरेशन होतं आणि नंतर आवाज राहणार नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. त्यांचा मुलगा त्यांना आणि त्यांच्या पेटीवाल्याला घेऊन माझ्याकडे आला. "साहेब, तेवढा आवाज ठेवून घ्या."

माझ्याकडे आबांसाठी यूएसबीचा माईक होता आणि पेटीच्या माईकचा आवाज कॉम्प्युटरात घ्यायला यूएसबीचीच साउंडची डबी. आबांनी पहिलं कडवं उचललं, दुसऱ्यावर आले आणि स्क्रीन निळी. कॉम्प्युटर पुन्हा चालू केला, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी आबा खोकले. मी ताईंना फोन केला.

त्या आल्या. सगळं काढलं. आतली रॅम बोटाने दाबून पाहिली.

"मागच्या हप्त्यात अशीच स्क्रीन निळी झाली म्हून मी तुमची रॅम बदलून गेल्ते," त्या म्हणाल्या. "ती चूक झाली माझी. रॅम चांगलीच व्हती."

त्यांनी नुसता माईक लावला आणि दहा मिनिटं स्वतःच बाराखडी म्हणत बसल्या. कॉम्प्युटर चालला. माईक काढून डबी लावली. पेटीवाल्याने दहा मिनिटं सूर धरला. तरीही चालला. मग दोन्ही लावले. आम्ही सगळे स्क्रीनकडे टक लावून उभे होतो. तिसऱ्या मिनिटाला स्क्रीन निळी झाली आणि ताईंचा चेहरा उजळला.

"सापडलं. एकेकटे बराबर हायेत. दोघं मिळून काम करून राह्यले की मशीन बसतं. दोघांचे ड्रायव्हर एकमेकांशी जमवून घेत न्हाईत."

त्यांनी माईकचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला चालवणारं सॉफ्टवेअर, पुरतं काढून टाकलं. डबीला दोन भोकं होती. एकात पेटी होतीच. "दुसऱ्यात साधा माईक घाला. जल्दी." मी धावत मंडपवाल्याकडून माईक आणला. पिन ताईंनीच बसवली.

"आबा, म्हणा."

तीन मिनिटं गेली. पाच. दहा. कोणी हललं नाही. आबांनी डोळे मिटले होते आणि आता ते थांबायला तयार नव्हते. संध्याकाळपर्यंत चौदा भजनं झाली. ताई जमिनीवर बसून ऐकत होत्या. घरी स्वयंपाक राहिलाय, हे त्यांना शेवटच्या भजनानंतर आठवलं.

ऑपरेशन झालं. आबा वाचले, आवाज गेला.

पुढच्या वर्षी ताईंच्या नवऱ्याची परतूरकडे बदली झाली. निघायच्या दिवशी बसस्टँडवर मी गेलो, तर आबा आधीच आलेले. ताई खिडकीशी बसल्या होत्या, मांडीवर गोधडीत गुंडाळलेला कॉम्प्युटर. कंडक्टर तो टपावर टाका म्हणत होता, त्या ऐकत नव्हत्या. आबा खिडकीखाली गेले आणि नुसते ओठ हलवत काहीतरी बोलले. बरंच बोलले. मला एक अक्षर कळलं नाही. ताईंना कळलं. त्या आधी हसल्या, मग पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, "व्हय आबा. नक्की."

बस सुटली. नंतर त्यांची आणखी कुठे बदली झाली, नंबर लागेनासा झाला. आबाही गेले. त्या दिवशी ते काय बोलले, हे विचारायला आता दोघांपैकी कोणीच नाही.