आधी नाव, मग सुई

स्पिरिटच्या वासात मोगरा मिसळला की विद्यानगरातल्या, उशाशी मोगरा ठेवणाऱ्या त्या आजारी बाई आठवतात. मी घरोघरी जाऊन इंजेक्शनं देणारी नर्स. चूक झाली तर पाठीशी हॉस्पिटल नाही, म्हणून औषध भरण्याआधी घरच्यांकडून बाटलीवरचं नाव मोठ्याने म्हणवून घ्यायचे. बाईंचा मुलगा वैतागला, "नक्को सिस्टर, रोज काय हे नाटक!" तरी त्याने बाटली घेतली आणि नाव वाचता वाचता ओरडला, "अहो, हे दुसरंच आहे!" दुकानदाराने भलतीच बाटली दिली होती, झाकण तसंच, मीही फसले असते! तो अनवाणीच दुकानाकडे पळाला. मला तर नाचावंसं वाटत होतं. जपायला गेले स्वतःला, जपल्या गेल्या बाई! आजही कुणी 'नाटक' म्हणालं की मी हसून बाटली त्याच्याच हातात देते.