बेलीफ आणि तिसरा मजला

मी कुलूपवाला. कोर्टाने कुणाच्या घराचा ताबा द्यायला सांगितलं की बेलीफ मला बरोबर नेतात. जुनं कुलूप काढायचं, नवं घालायचं. हे काम मला मनापासून आवडत नाही, पण नाही म्हणायची कधी छाती झाली नाही.

आमच्या बेलीफांच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते; गुडघे केव्हाच निवृत्त झाले होते. त्या दिवशी दुसऱ्या मजल्यावर दम खायला थांबले आणि म्हणाले, "लेकीने कोशात बघितलं. बेलीफ हा शब्द लॅटिनमधल्या ओझं वाहणाऱ्यापासून आलाय. हमाल रे, हमाल. पुढे ज्याच्यावर कारभार सोपवला तो, आणि मग कोर्टाचा माणूस."

"म्हणजे बढती मिळत गेली," मी म्हटलं.

बरोबर आलेल्या घरमालकाला हसू आलं नाही. भाडेकरूच्या दारावर पाच महिन्यांपूर्वी समन्स चिकटवलं, तरी बाई कोर्टात फिरकली नाही, म्हणून निकाल एकतर्फी लागला, हे तो रस्ताभर सांगत होता. चिकटवलं होतं आमच्याच बेलीफांनी.

तिसऱ्या मजल्यावर दोन दारं होती. बेलीफांनी विचारलं, "यातलं कुठलं?"

समन्स चिकटवणाऱ्याला दार माहीत असायला हवं होतं. घरमालकाच्या काही लक्षात आलं नाही. त्याने उजवीकडची कडी वाजवली. शिवणकाम करणाऱ्या बाई दारात आल्या, गळ्यात टेप तशीच. ताब्याचं वॉरंट ऐकून त्यांनी चौकट घट्ट धरली.

"समन्स मिळालं असतं तर मी आले नसते का?"

"बेलीफसाहेबांनीच लावलं," घरमालक म्हणाला.

"यांना मी आज पहिल्यांदा बघतेय."

घरमालकाने मला ड्रिल काढायला खुणावलं. मी काढलं नाही. बेलीफ पायरीवर बसले, वॉरंट उलटं करून मांडीवर ठेवलं आणि लिहू लागले. मग वाचून दाखवलं: "ताबा दिला नाही. समन्स या दारावर लावलं नव्हतं. गुडघे दुखत होते म्हणून मी खालूनच परत गेलो. आधीचा अहवाल खोटा आहे."

घरमालक फोन लावत तणतणत खाली गेला. बेलीफांनी साक्षीदार म्हणून माझी सही घेतली. त्यांच्यासाठी मला भीतीही वाटली आणि त्यांच्याविषयी मायाही.

बाईंनी विचारलं, "आता तुमचं काय होणार?"

"आता मला नोटीस येईल," ते म्हणाले. "आणणारा जिना चढून येईल, एवढं बघा."

उतरताना त्यांनी माझा खांदा धरला.