दोन कप आणि एक संशय

आम्ही भडगावला राहत होतो तेव्हाची गोष्ट. एका सकाळी माझ्या यजमानांनी चहा कपात न ओतता ओट्यावरच ओतला. "मला दोन कप दिसताहेत," ते म्हणाले. डावा डोळा लाल होता, पापणी सुजलेली. माझ्या मनात दारूचाच संशय आला. मग ते कचेरीतून आले की मी त्यांचा सदरा हुंगायची, पिशवी चाचपायची. तोंडाला कुबट वास येई, त्यामुळे माझी खात्रीच पटली. "शपथ घ्या," म्हटलं तर ते नुसते बघत राहिले. मला तीही लबाडीच वाटली.

पुढे तो डोळा खाली सरकल्यासारखा दिसू लागला, तेव्हा मीच त्यांना धुळ्याला नेलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी विचारलं, "नाक चोंदतं का?" दारूचं सोडून हे नाकाचं काय विचारतात, असं मला झालं. एक्स-रे काढल्यावर कळलं, भुवईमागच्या पोकळीत पू साचून तो डोळ्याला खाली ढकलत होता, आणि तोंडाचा वासही त्याचाच होता.

ऑपरेशननंतर हळूहळू त्यांना सगळं एकेकच दिसू लागलं.

"माझा सदरा हुंगायचीस ना?" एकदा त्यांनी विचारलं.

मी नाही म्हणाले.